काकांचे पंचवीस प्लॉट कुठं गेले? ले-आउट मंजुरीची गोष्ट, सोप्या भाषेत

मी परभणीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. मागच्या उन्हाळ्यात शहराला लागून असलेल्या एका गावचे काका आले. दोन एकर जमीन, आणि शहर सरकत सरकत पार बांधापर्यंत आलेलं. शेजाऱ्यानं प्लॉटिंग टाकलं होतं, म्हणून काकांच्याही मनानं घेतलं. वहीच्या मागच्या पानावर ते हिशोब करूनच आले होते: एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, दोन एकर म्हणजे ८० गुंठे, सगळे मिळून ८७,१२० चौरस फूट. ३० बाय ४० चा प्लॉट १२०० फुटांचा. भागिले की ७२ प्लॉट.

मी काढलेल्या पहिल्या कच्च्या नकाशात ४७ निघाले.

"ताई, माझे पंचवीस प्लॉट कुठं गेले?" काकांनी विचारलं, आणि ते रागात नव्हते, खरंच घाबरले होते. त्यांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते. विकणाऱ्याला जेवढं कळायला हवं तेवढंच, किंबहुना त्याहून जास्त, प्लॉट घेणाऱ्याला कळायला हवं.

दोन एकरांतला दहावा हिस्सा, म्हणजे ८,७१२ चौरस फूट, मोकळी जागा म्हणून सोडावी लागली. अंतर्गत रस्त्यांत साधारण चौथा हिस्सा, २१,७८० फूट गेला. उरले ५६,६२८. त्याला १२०० नं भागा, ४७ येतात. काकांच्या वहीत नुसते प्लॉट होते. प्लॉटपर्यंत जायचं कसं, पाणी कुठून यायचं, सांडपाणी कुठं जायचं, पोरांनी खेळायचं कुठं, हे वहीत नव्हतं. ले-आउटची फाइल ज्या ज्या टेबलावर जाते तिथं मुख्यतः हेच तपासलं जातं. आमच्या धंद्यात त्या नकाशाला रेखांकन म्हणतात.

कोणाच्या सहीनं मंजूर होतं?

जमीन कुठं आहे त्यावर ते ठरतं. महापालिकेच्या हद्दीत असेल तर महापालिकेचा नगररचना विभाग छाननी करतो आणि आयुक्तांच्या अधिकारात मंजुरी मिळते. नगरपालिका किंवा नगरपंचायत असेल तर मुख्याधिकारी, पण तांत्रिक अभिप्राय जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाचा. ग्रामीण भागात अधिकार महसूल खात्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी आणि त्यांनी अधिकार दिलेले खालचे अधिकारी, आणि तिथंही नकाशा नगररचनेकडून तपासून यावा लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, तिथल्या गावांची फाइल तिकडं जाते.

या यादीत ग्रामपंचायत नाही, हे मुद्दाम सांगते. आपल्याकडं कितीतरी प्लॉट "नमुना आठ निघतो की" या एका वाक्यावर विकले जातात. नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. तुमच्याकडून कर घ्यायला तुमचं नाव तिथं लिहिलेलं असतं, एवढंच. त्यानं मालकी सिद्ध होत नाही आणि रेखांकनही मंजूर होत नाही. सरपंचांच्या ना हरकत पत्राचा उपयोग पाणी, रस्ता अशा बाबतीत होतो, पण शेताचे निवासी प्लॉट पाडायची परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही.

कायदे मुख्यतः दोन, आणि दोन्ही १९६६ चे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, ज्यातून "एनए" म्हणजे अकृषिक परवानगी आली. आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, ज्याच्याखाली रेखांकन मंजूर होतं. रस्ता किती रुंद, मोकळी जागा किती, हे आकडे २०२० च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. अकृषिक परवानगीची पायरी शासनानं गेल्या काही वर्षांत बरीच सोपी करत आणली आहे. पण एनए सोपं झालं म्हणून नकाशा तपासणं थांबलं, असा अर्थ काढू नका. नगररचनेचं टेबल जिथल्या तिथं आहे.

पहिला प्रश्न: जमीन नक्की तुमची का?

मराठवाड्यात या प्रश्नाला जितके पदर आहेत तितके पुण्या-मुंबईकडं नाहीत. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, आणि जमिनीच्या कागदांत ते राज्य अजून पुरतं संपलेलं नाही. कूळकायदा आपल्याकडं वेगळा, हैदराबाद कूळवहिवाट अधिनियम, १९५०. इनामं रद्द झाली ती १९५४ च्या हैदराबादच्याच कायद्यानं. त्यामुळं सातबाऱ्यावर मदतमाश, खिदमतमाश असे इनामी जमिनीचे शब्द दिसले, भोगवटादार वर्ग-२ (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलेलं दिसलं, किंवा इतर हक्कात कुळाचं नाव दिसलं, की फाइल तिथंच थांबते. अशा जमिनीला आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, लागतो. देवस्थान किंवा वक्फची जमीन असेल तर प्रश्न आणखी अवघड. मालक म्हणून मिरवणाऱ्याला ती विकायचा अधिकारच नसू शकतो.

म्हणून चांगला वकील नुसता आजचा सातबारा बघून हो म्हणत नाही. तो १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीचा कागद, काढायला लावतो आणि तिथपासून आजपर्यंतचे सगळे फेरफार एकाखाली एक लावून बघतो. त्याच्याही मागं जायचं तर कागद उर्दूत नाहीतर मोडीत असतात, आणि ते वाचणारी माणसं आता जिल्ह्यात हातावर मोजण्याइतकी. हा खर्च वाचवू नका. नकाशातली चूक दुरुस्त होते, पण मूळ जमिनीतच खोट असेल तर तिच्यावर पाडलेल्या सगळ्या प्लॉटांना ती लागते.

दुसरा पदर घरातला. काकांच्या सातबाऱ्यावर वडिलांनंतर तिघांची नावं लागली होती: काका आणि दोन बहिणी. काकांना वाटत होतं, बहिणींची लग्नं झाली, त्यांचं काय. पण मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. त्यामुळं एक तर दोघींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर अर्जावर दोघींच्या सह्या. मोठी बहीण लगेच तयार झाली. धाकटीनं विचारलं, "दादा, पुढच्या रस्त्याच्या तोंडचा एक प्लॉट माझ्या नावे का नाही?" मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला.

मग मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक येऊन हद्द मोजतो आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. नगररचनेत रेखांकन याच नकाशावर बेतलेलं लागतं. काकांच्या सातबाऱ्यावर ८० गुंठे होते, जागेवर थोडे कमी भरले. बांध दरवर्षी नांगरताना इंचाइंचानं सरकतो, त्याचा हिशोब चाळीस वर्षांनी असा समोर येतो. कागद आणि जागा यांत फरक पडला तर मंजुरीसाठी जो आकडा कमी तोच धरतात.

दुसरा प्रश्न: तिथं घरं व्हावीत असं ठरलंय का?

शहराची विकास योजना म्हणजे रंगवलेला मोठा नकाशा. पिवळा रंग निवासी, हिरवा शेतीचा. म्हणूनच प्लॉटिंगवाले "येलो झोन" शब्दावर एवढा जोर देतात. त्यांच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका, नगररचनेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. त्यावर गटातून जाणारा नियोजित रस्ता किंवा शाळा-बगिच्याचं आरक्षणही दिसतं. हिरव्या पट्ट्यात नेहमीच्या निवासी रेखांकनाला मंजुरी मिळत नाही. "पुढच्या योजनेत पिवळा होणार आहे" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पुढची योजना यायला किती वर्षं लागतील, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तिसरा प्रश्न: इथवर यायचं कुठून?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फाइली अडतात त्या इथं. रेखांकनाला सार्वजनिक रस्त्यापासून कायदेशीर पोहोच रस्ता लागतो. शेतात जायला वहिवाटीचा गाडीरस्ता असतो, तहसीलदारांनी बांधावरून दिलेली वाटही असते. पण ती वाट शेतीसाठी, बैलगाडी-ट्रॅक्टर जाण्यापुरती दिलेली असते. तिच्या जिवावर पन्नास घरांची वसाहत उभी करता येत नाही. शेजाऱ्याच्या शेतातून रस्ता हवा असेल तर त्याच्याकडून तेवढी पट्टी विकत घ्या, किंवा नोंदणी करून हक्क लिहून घ्या. पारावर बसून दिलेला शब्द फाइलीला लावता येत नाही. आणि पुढं राज्यमार्ग किंवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर तिथं जोडरस्ता काढायला त्या रस्त्याच्या खात्याची वेगळी परवानगी लागते, शिवाय रस्त्यापासून ठरावीक अंतर मोकळं सोडावं लागतं.

आता अंतर्गत रस्ते. नियमावलीत साधारणपणे ९ मीटरपासून सुरुवात होते, आणि रस्ता जितका लांब तितकी रुंदी वाढते. ९ मीटर म्हणजे जवळपास तीस फूट. "एवढा कशाला? वीस फूट पुरे की," असं प्रत्येक जमीनमालक म्हणतो. त्यांना मी माझ्या लहानपणीची गल्ली सांगते. वडिलांनी बॉन्डवर घेतलेला प्लॉट, गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीतला. रस्ता दहा फुटांचा, त्यातही दोन्हीकडच्या घरांच्या पायऱ्या बाहेर आलेल्या. उन्हाळ्यात टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि आम्ही घागरी, ड्रम घेऊन तिथवर धावायचो. आजीला रात्री धाप लागली तेव्हा अँब्युलन्स आत येईना. वडील आणि शेजारचे दोघं तिला बाजेवर उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत घेऊन गेले होते. त्या रात्रीनंतर तीस फूट रस्ता मला कधीच जास्त वाटला नाही.

रस्त्यांबाबत छाननी करणारे आणखी एक बघतात, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शेजारच्या मंजूर ले-आउटमधला रस्ता तुमच्या बांधाशी येऊन थांबला असेल तर तो तुमच्या नकाशात पुढं न्यावा लागतो. प्रत्येकानं आपल्यापुरता रस्ता काढून तोंड बंद केलं तर दहा ले-आउटचं मिळून शहर होत नाही, दहा बोळ होतात. काकांचा मूळ आराखडा असाच होता. तो बदलल्यावर दोन प्लॉट वाकडे झाले, पण पलीकडच्या वसाहतीतून थेट शाळेपर्यंत वाट झाली.

जागेवरची पाहणी

कागद तपासले की कनिष्ठ अभियंता किंवा रचना सहायक जागेवर येतात. विहीर, झाडं, वरून जाणारी उच्चदाबाची वीजवाहिनी, जवळची स्मशानभूमी हे सगळं नकाशात दाखवलंय का, हे बघतात. आणि नाला.

आपल्याकडं नाला आठ महिने कोरडा असतो, म्हणून लोक त्याला विसरतात. प्लॉटिंग टाकताना जेसीबीनं मुरूम ओढला की तासाभरात तो सपाट होतो. पण पाणी आपली वाट विसरत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव, लातूर, जालना, परभणी, नांदेड या सगळ्या पट्ट्यात काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. नदीकाठी पाटबंधारे खात्याच्या दोन रेषा असतात: निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घरांना परवानगी नाही. लहान नाल्याला अशी आखलेली रेषा नसते, तरी त्याच्या काठापासून अंतर सोडावं लागतं आणि त्याचं पात्र तसंच ठेवावं लागतं. काकांच्या शेताच्या उत्तरेला असाच एक ओघळ होता. मोजणी नकाशात तो बारीक रेघेसारखा, आणि काका म्हणाले, "त्यात पाणी नसतंच." पाहणीला आलेल्या बाईंनी बांधावरच्या बाभळीच्या बुंध्यावर सुकलेल्या गाळाची खूण दाखवली, गुडघ्याएवढी उंच. पुढं काही बोलायची गरज पडली नाही.

मोकळी जागा कुणाची?

जमीन ०.४ हेक्टर म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून जास्त असेल तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. वीस हजार चौरस मीटरच्या वर, साधारण पाच एकरांपुढं, सुविधा क्षेत्र म्हणून आणखी जागा द्यावी लागते. काकांची जमीन त्यापेक्षा लहान, म्हणून तो भार त्यांच्यावर पडला नाही.

या मोकळ्या जागेवरून मला खरंच पोटतिडकीनं सांगायचंय. ही जागा प्लॉट घेणाऱ्या सगळ्यांची मिळून असते. तिचे पैसे तुम्ही प्लॉटच्या भावात भरलेले असतात. मालकाला ती विकता येत नाही. पण होतं असं, की बहुतेक आराखड्यांत सगळ्यात वाकडी, खोलगट, त्रिकोणी जागा तिच्यासाठी येते, कारण तिथं प्लॉट बसत नाही. अधिकारी जागरूक असले तर ते ती चारी बाजूंनी रस्त्याजवळ, वापरता येईल अशी मागतात. नसले तर तसंच मंजूर होतं, मग दहा वर्षं तिथं गाजरगवत वाढतं, नंतर एक पत्र्याचं शेड येतं, आणि शेवटी कुणीतरी तिचा सातबारा घेऊन दारात उभा राहतो. प्लॉट घेताना आपल्या प्लॉटचा नंबर बघतो तसं नकाशात मोकळ्या जागेवर बोट ठेवा आणि जागेवर जाऊन तिच्यात उभे राहा.

तात्पुरती आणि अंतिम, यांतलं अंतर

सगळं जमलं, शुल्क भरलं, की आधी तात्पुरती मंजुरी मिळते. हिचा अर्थ, "तुमचा आराखडा नियमात बसतो, आता जागेवर करून दाखवा." मालकानं नकाशाप्रमाणे प्लॉट आखायचे, रस्ते करायचे, नाल्या काढायच्या, पाण्याची लाइन आणि विजेचे खांब आणायचे. भूमी अभिलेखवाले पुन्हा येऊन ती आखणी मोजतात. त्यानंतर अंतिम मंजुरी, मग कमी-जास्त पत्रक, ज्याला सगळे 'कजाप' म्हणतात, आणि त्यावरून प्रत्येक प्लॉटचा, रस्त्याचा, मोकळ्या जागेचा वेगळा सातबारा. इथवर आल्याशिवाय तुमचा प्लॉट महसूल दप्तरात वेगळा म्हणून जन्मालाच येत नाही.

फसवणूक होते ती या दोन मंजुऱ्यांच्या मधल्या काळात. तात्पुरत्या मंजुरीचा कागद फ्रेम करून साइट ऑफिसात लावतात, खाली शिक्का दिसतो, आणि घेणाऱ्याला वाटतं सगळं झालं. नंतर रस्ते होत नाहीत, नाल्या होत नाहीत, अंतिम मंजुरी वर्षानुवर्षं येत नाही. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त प्लॉट असलेल्या प्रकल्पाची विक्रीआधी महारेराकडं, म्हणजे घर-प्लॉटांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडं, नोंदणी करावी लागते, ती फक्त फ्लॅटला नाही, प्लॉटिंगलाही आहे. नोंदणी क्रमांक विचारा आणि महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघा. कुठला नकाशा मंजूर म्हणून दिलाय, ते तिथं दिसतं.

"पण रजिस्ट्री होते ना?" हा प्रश्न रोज येतो. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकानं मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठ्यांची दस्तनोंदणी रोखली होती. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०२२ मध्ये ते रद्द केलं. पुढं २०२५ मध्ये शासनानं तुकडेबंदीत, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यावरच्या बंदीत, आणखी सवलती आणल्या. जुने व्यवहार केलेल्या हजारो घरांना त्यातून दिलासा मिळाला, आमच्या जुन्या गल्लीतही. पण दुय्यम निबंधक दस्त तपासतो, रस्ता मोजत नाही. खरेदीखत झालं म्हणून तुमच्या दारापर्यंत तीस फूट रस्ता येत नाही आणि नकाशाही मंजूर होत नाही. बांधकाम परवाना आणि बँकेचं कर्ज मागायला गेलात की तोच मंजूर नकाशा विचारतात.

हरकत कुठं घ्यायची?

शहराची विकास योजना प्रसिद्ध होते तेव्हा कुणीही ठरलेल्या मुदतीत हरकती-सूचना देऊ शकतो. एकेका खासगी ले-आउटसाठी मात्र अशी जाहीर सुनावणी नसते. ती फाइल मालक आणि कार्यालय यांच्यात चालते. म्हणून शेजाऱ्याला, खरेदीदाराला माहिती अधिकार हाच मार्ग. दहा रुपयांचं शुल्क भरून मंजूर रेखांकनाची प्रत, मंजुरी आदेश आणि त्यातल्या अटी मागा. अटींचं पान नक्की मागा. रस्ते कुणी करायचे, पाणी कुणी आणायचं, ते तिथं लिहिलेलं असतं. मालकालाही वाट आहे: परवानगी नाकारली, किंवा घातलेली अट मान्य नसेल, तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली चाळीस दिवसांत शासनाकडं अपील करता येतं.

काकांच्या फाइलीला तीन त्रुटीपत्रं आली. पहिलं ओघळाबद्दल, दुसरं शेजारच्या रस्त्याबद्दल, तिसरं सह्यांबद्दल. ओघळ मोकळा सोडल्यावर आणि मोजणीत जमीन कमी भरल्यावर शेवटी ४४ प्लॉट राहिले. मोकळी जागा आधी मी कोपऱ्यात दाखवली होती, ती मधे आणली, कडुनिंबाच्या झाडाभोवती. तात्पुरती मंजुरी मिळाली आहे, हद्दीचे दगड रोवून झालेत, खडीकरण चालू आहे. रस्त्याच्या तोंडचा प्लॉट क्रमांक १ धाकट्या बहिणीच्या नावे राहणार, असं तिघांनी मिळून लिहून दिलं, तेव्हा अर्जावर तिची सही झाली.